पाहुण्याचं पाणी

गल्लीत समोरून धोब्याचं गाढव आलं की अण्णा जोडे काढायचे. बाजूच्या ओट्याला पाठ लावून उभे राहायचे, हात जोडायचे, आणि गाढव अगदी जवळ आलं की हळूच विचारायचे, "दमलीस का गं?" गाढव असो की गाढवीण, विचारणं एकच. धोबी हसायचा, पोरंसोरं हसायची. मीही हसलोय. आता अण्णांना पाहिलेलं माझ्याशिवाय कोणी उरलं नाही, आणि जे ऐकीव सांगतात ते म्हणतात, म्हातारा वेडा होता. म्हणून लिहायला बसलो. मला शाळा फारशी नाही. अक्षर आचाऱ्याचं, लाडवासारखं. पण डोकं शाबूत आहे. अण्णा वेडे नव्हते, भित्रे होते. या दोन्हींत फरक आहे, आणि ज्याला तो कळत नाही त्यानं पुढे वाचू नये.

काशीत पंचगंगा घाटाच्या वर आपली मराठी घरं खेटून खेटून आहेत. त्यातल्याच एका दगडी घरात खालची खोली अण्णांनी मला भाड्यानं दिली होती. इंग्रजाचं राज्य होतं. मी एका अन्नछत्रात आचारी होतो, अंगानं धडधाकट आणि जिभेनं तिखट. अण्णा साताऱ्याकडचे, कचेरीतले कारकून. नोकरी संपल्यावर सगळं विकून इथे आले ते मरायला. इथे येऊन त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे संकल्प सोडायचा, की आता मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडणार नाही. काशीत मेला तो सुटला. पण गंगेच्या पलीकडे जी वाळू दिसते तिथे कोणी मेला तर त्याला गाढवाचा जन्म, असं इथलं लेकरूही सांगतं.

अण्णांनी हे फार मनावर घेतलं होतं. सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी ते भिंतीचा दगड चाचपायचे, आपण काशीतच आहोत ना म्हणून. स्वप्नात त्यांना कोणीतरी आगगाडीत बसवायचं. गळ्यात गंगाजळाची पितळी कुपी आणि तिला बांधलेलं तुळशीचं वाळकं पान. भेटेल त्याला सांगून ठेवलेलं, "पडलो तर आधी हे तोंडात घाल, वैद्य मागाहून." होडीत तर ते कधी बसतच नसत. आणि श्रावणात गंगा चढून घाटाच्या पायऱ्या बुडाल्या की ते जिन्यात येऊन मला विचारायचे, "हे घर वाहून पलीकडे लागलं, तर धरायचं काय रे?"

"धरायचं काय म्हणजे?"

"म्हणजे घर आपलंच, काशीतलंच. पण जागा पलीकडची."

मी म्हणायचो, "अण्णा, दगडाचं घर वाहत नाही." ते मान हलवायचे आणि पुराकडे बघत बसायचे. 

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जोगडा बसायचा. अंगाला राख, हातात त्रिशूळ, आणि शेजारी खुंटीला बांधलेला एक काळा कुत्रा. काळा कुत्रा म्हणजे भैरवाचं वाहन. बाया त्याला कुंकू लावायच्या, झेंडूचे हार घालायच्या, जिलबी भरवायच्या. अष्टमीला तर त्याचं तोंड दिसायचं नाही, एवढे हार. जोगडा संध्याकाळी सगळे हार ओढून काढायचा आणि दुसऱ्या दिवशी तेच परत विकायचा. जिलबीशिवाय त्या जनावरानं काही खाल्लेलं मी पाहिलं नाही. मी रोज तिथून जायचो. त्याच्याकडे नीट बघितलं नाही, कोणीच बघत नव्हतं, सगळे पाया पडत होते.

एकदा माघात जोगडा तापानं मेला. त्याचं सामान लोकांनी उचललं, कुत्रा तसाच बांधलेला राहिला. एरवी पाया पडणारे आता लांबून जाऊ लागले, कारण वास येत होता. अण्णा तिथे गेले. मी मागून हाक मारली, "अण्णा, शिवू नका!" त्यांनी ऐकलं नाही. ते लटलट कापत होते. त्यांनी कुत्र्याच्या गळ्यातला वाळका हार बाजूला केला. खाली दोरी मांसात गेली होती. दोरीवर मांस चढलेलं, त्यात पाकळ्या कुजलेल्या, आणि किडे.

अण्णा मागे सरकून गटारात ओकले. मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसून मला म्हणाले, "विळी आण."

मी म्हटलं, "माझी विळी सोवळ्यातली आहे."

"मग तुझं सोवळं आण. काहीतरी आण."

शेवटी न्हाव्याची कात्री आणली मी. आणली एवढंच. दोरी कापली त्यांनी.

कुत्रा अण्णांच्या जिन्याखाली राहायला आला. आमच्या समोर एक वैदिक गुरुजी राहायचे, गल्लीत त्यांचा शब्द चाले. ते म्हणाले, "भैरवच घरी आला तुमच्या. भैरव म्हणूनच हाक मारा." अण्णा म्हणाले, "नको. देवाचं नाव ठेवलं की लोक हार घेऊन येतात." ते त्याला पाहुणा म्हणायचे. बरा झाला की जायचा आहे, असा हिशोब. "पाहुण्याला घर बघायचंय," हे त्यांचं पालुपद झालं. जसं काही लग्नाची मुलगी.

पाहुणा जिन्याखाली भिंतीला अंग चिकटवून बसायचा. माणूस वाकला की मुतायचा. ताटली सरकवली की आधी ताटलीवर गुरगुरायचा. अण्णा त्याला भीत होते आणि तो अण्णांना. मग अण्णांनी काय केलं, तर त्याच्याकडे पाठ करून बसायला लागले. पाठ करून मोठ्यानं सहस्रनाम म्हणायचे. रोज पाट हातभर मागे सरकवायचे. मी म्हटलं, "पाठीत चावेल." म्हणाले, "दिसणार तरी नाही." जेवण म्हणजे माझ्या अन्नछत्रातला भात, वर ताक. गोड बंद. जखमेला कडुलिंबाचं पाणी, मग हळद आणि तेल. शिवलं की गंगेत आंघोळ. दिवसाला इतक्या आंघोळी, की फाल्गुनात त्यांची छाती भरली. खोकत खोकत पायऱ्या चढायचे आणि पुन्हा त्यालाच हात लावायचे. एका दुपारी मी आलो, तर पाहुण्यानं आपलं डोकं अण्णांच्या पाठीला टेकलं होतं. अण्णा सहस्रनाम थांबवून नुसते बसले होते, हलायची भीती वाटत होती त्यांना. डोळ्यांनी मला खुणावलं, जा.

मग तो मला चावला.

चैत्राचे दिवस. अन्नछत्रातल्या पूजेसाठी झेंडूच्या हारांची टोपली घेऊन मी जिन्याशी आलो. पाहुणा झोपला होता. एकदम उठला आणि माझ्या उजव्या हाताला झोंबला. टोपली उलटली. तो हारांवरून मागे सरकत जिन्याखाली गेला, तोंडाला फेस, दात सगळे बाहेर. गुरुजी समोरच्या ओट्यावर दात घासत होते. ते ओरडले, "पिसाळला! कुत्रा पिसाळला!" आणि गल्लीतली दारं पटापट लागली.

मी खोलीत गेलो आणि जखमेत लाल तिखट भरलं. ओरडलो नाही. भिंतीवर डोकं आपटलं एवढंच.

मला भीती का वाटली ते सांगतो. आमच्याच गल्लीत आधी एक दूधवाला गेला होता, कुत्रा चावून. जखम कधीच बरी झाली होती त्याची, विसरला होता तो. मग एका सकाळी त्याला पाणी गिळेना. खाटेला बांधून ठेवलं होतं. शेजारच्या अंगणात कोणी घागर ओतली की त्या नुसत्या आवाजानं त्याचा गळा आवळायचा आणि तो असा ओरडायचा की बायका कानांत बोटं घालायच्या. शुद्धीवर होता, हे सगळ्यांत वाईट. बायकोला म्हणत होता, लांब हो, मी चावेन. मी त्या खाटेचा एक पाय धरून बसलो होतो. तो आवाज मला अजून येतो.

जो चावला तो कुत्रा पिसाळलेला असेल तर लवकरच मरतो. तो जगला, पाणी पीत राहिला, तर आपण वाचलो. एवढं सगळ्यांना माहीत होतं. डोंगरात कुठेतरी साहेब लोक पोटात सुया टोचतात म्हणे, पण तिथे जायचं कुणी आणि कसं. तर आता माझा जीव त्या कुत्र्याच्या तोंडात होता. मला कुत्रा आवडत नव्हता. पण तो जगला पाहिजे, असं माझ्याइतकं कोणालाच वाटत नव्हतं.

अण्णांनी त्याला आपल्या वरच्या खोलीत नेला आणि स्वतः दारात आसन टाकलं. मी अन्नछत्रात जाण्याआधी पहाटेच गंगेवर जायचो. रोजचं स्नान, जन्मभर केलेलं. आता पायऱ्यांवर उभं राहून मी पाण्याकडे बघायचो आणि घशाशी काही येतंय का, याचा अंदाज घ्यायचो. आजूबाजूला माणसं हर हर गंगे म्हणत बुड्या मारत असायची. मी ओंजळ भरायचो. ओंजळीतलं पाणी हलायचं, कारण हात हलायचा, आणि मग वाटायचं, हात का हलतोय? आलं का ते? डोळे मिटून घोट घ्यायचो. उतरला की पायरीवर बसायचो. भात उपसताना पेजेचा आवाज ऐकूनसुद्धा मी पातेल्याशी थबकायचो. सोबतचे आचारी म्हणायचे, "काय रे, आज पाणी बघून लाजतोस?" मी शिव्या द्यायचो. कोणाला सांगणं माझ्या स्वभावात नाही.

घाटावरून परत येताना गल्लीच्या कोपऱ्यावर मी थांबायचो. वरच्या खिडकीत अण्णांचं डोकं दिसायचं. ते माझीच वाट बघत असायचे. आणि ओरडायचे, "प्याला रे!"

पाहुणा पाणी प्याला. मग मी पुढे चालायचो.

एक दिवस डोकं दिसलं नाही. खिडकी रिकामी. मी कोपऱ्यावरच उभा राहिलो, मला पाऊल उचलेना. लोक ढकलून जात होते. गाईनं शेपटी मारली तरी मी तसाच. वाटलं, झालं, आता खाट, आता दोऱ्या. किती वेळ गेला माहीत नाही. मग अण्णांचं डोकं वर आलं, भिजलेलं. "अरे प्याला! माझा तांब्या उलटवून प्याला मेला, मी पुसत होतो!"

त्या दिवशी मी अण्णांवर इतका ओरडलो की घसा बसला. घसा बसल्याचीही मग दिवसभर भीती.

कुत्रेमार आले ते अशाच एका सकाळी. दर उन्हाळ्यात यायचे, हातात मोठ्या लाठ्या, मागे गाडी. गुरुजींनी निरोप धाडला होता. सगळी गल्ली जमली. अण्णा जिन्यात आडवे हात करून उभे होते. नुसते कापत होते.

गुरुजी म्हणाले, "अण्णा, बाजूला व्हा. गल्लीत लेकरंबाळं आहेत."

मी मध्ये गेलो. म्हणालो, "कोणाला चावलाय?"

"तुलाच की!"

"मग त्याचा निकाल मी करीन. तुमच्या मोरीत पडून मी ओरडायला लागेन तेव्हा तुम्ही बोला."

"अरे, तुलाच चावला आणि तूच वाचवतोस?"

"मारलात तर मला कळणार कसं? तो मेला की मग मी रोज सकाळी कोणाचं पाणी बघू? तुमचं?"

 गुरुजी खाली बघू लागले. ते वाईट गृहस्थ नव्हते, त्यांचा धाकटा नातू नुकताच रांगायला लागला होता. कुत्रेमारांचा मुकादम म्हणाला, "ठीक है महाराज, अगले चाँद पर फिर आएँगे. ज़िंदा मिला तो भी ले जाएँगे." लाठी जिन्याच्या पायरीवर एकदा आपटून गेला. वर पाहुणा कुईकुई करत होता, आणि जिन्यात अण्णा खाली बसले होते. मला म्हणाले, "मला वाटलं मी आत्ताच मरतोय. पण म्हटलं, काशीत आहे, हरकत नाही."

त्या काळात अण्णा पाहुण्याकडे बघत बसलेले असायचे आणि त्यांनी एक गोष्ट ताडली. मला बोलावून घेतलं. फडताळातून एक झेंडूचं फूल काढलं आणि दारातून नुसतं दाखवलं. पाहुणा भिंतीला चिकटला, दात काढले, फेस आला. फूल लपवलं. थोड्या वेळानं फेस गेला आणि तो येऊन अण्णांची टाच चाटायला लागला.

"बघितलंस? रोज आपण हार घालायचो आणि तो जोगडा रोज ओढून काढायचा. जखमेवरून. याला वाटतं फूल आलं म्हणजे गळा फाडायला आलं."

"म्हणजे मी मरत नाही?"

"ते मला माहीत नाही. पण तुला चावला नाही तो. तुझ्या टोपलीला चावला."

चंद्र बदलायला आला. पाहुणा पाणी पीत होता, भात मागत होता, माझ्या पायात यायला लागला होता. मी वाचलो होतो. पण पाहुण्याला काशीत जागा उरली नव्हती. काळा कुत्रा, एक तर हार, नाहीतर लाठी. एका गवळ्याला विचारलं, त्याची बाई म्हणाली, रोज टिळा लावीन हो. अण्णांनी हात जोडले आणि परत आणला. छावणीतल्या एका साहेबाच्या खानसाम्याला विचारलं, तो म्हणाला, साहेबाला देशी कुत्र्याचा राग आहे.

शेवटी घाटावरचा एक मल्लाह, होडीवाला, म्हणाला, त्याची वहिनी पलीकडच्या वाळूत खरबुजं लावते. विधवा बाई, एकटी झोपडीत असते, कोल्हे वेल उकरतात. तिला कुत्रा हवाय. "उहाँ फूल-माला कुछ नाहीं पंडितजी, खाली बालू." म्हणजे नुसती वाळू.

अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला. "पलीकडे?"

मी म्हटलं, "तुम्ही कशाला जाता? मी नेतो."

नेऊन बघितलं. पाहुणा घाटापर्यंत अण्णांच्या मागे आला. होडीत मी उचलून ठेवला, तर माझ्या अंगावरून उडी मारून पाण्यात, आणि पोहत अण्णांच्या पायाशी. पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. माझ्या उरावर ओरखडे आले. मुकादम येणार तो दिवस तोंडावर आला होता.

मग तोड निघाली. अण्णांनी गंगेच्या मध्यापर्यंत यायचं. धारेपर्यंत काशी, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. तिथे मल्लाहानं दुसरी होडी आणायची, अण्णांनी तिच्यात उतरून परत यायचं, मी पाहुण्याला घट्ट धरून पुढे जायचं. अण्णांनी आदल्या दिवसापासून अन्न घेतलं नव्हतं. होडीत पाय ठेवताना माझा दंड असा धरला की नखं रुतली. पाहुणा मुकाट चढला आणि त्यांच्या मांडीवर हनुवटी ठेवून बसला.

मधली धार आली. दुसरी होडी लागली. मी म्हटलं, "अण्णा, उठा."

अण्णा उठले नाहीत. पाहुण्याच्या अंगात कापरं भरलं होतं, त्याला काहीतरी कळलं होतं. आणि अण्णाही कापत होते. कोण कोणाला कापवत होतं सांगता येत नव्हतं. ते खाली दूर दिसणाऱ्या रेल्वेच्या पुलाकडे बघत होते.

"आमची ही मोगलसराईला गेली," ते म्हणाले. "फलाटावर. पूल ओलांडायचा तेवढा राहिला होता. गाडीला उशीर झाला रे. मी म्हणत होतो, थांब, थोडं थांब. तीसुद्धा म्हणत होती, थांबते."

मोगलसराई गंगेच्या त्या बाजूला. मला तेव्हा ते धोब्याचं गाढव आठवलं, आणि अण्णांचे काढून ठेवलेले जोडे.  मल्लाहानं वल्हं वर धरलं होतं, पाणी ठिबकत होतं.

"चल," अण्णा म्हणाले. "तिथे ती गेली तर मला काय धाड भरलीय? चल, मी डोळे मिटतो."

पलीकडच्या वाळूला होडी लागली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. अण्णा डोळे मिटूनच उतरले. तापलेल्या वाळूत अनवाणी, एका हातात पाहुण्याची दोरी, दुसरा हात गळ्यातल्या कुपीवर. झोपडीपर्यंत गेले आणि एकदम खाली बसले, मग आडवे झाले. ओठ पांढरे, डोळे वर.  त्यांनी जन्मभर ज्याची भीती बाळगली तेच माझ्या डोळ्यांदेखत होत होतं, आणि त्यांना तिथे आणलं होतं मी. कुपी उघडायला हात गेला आणि मागे घेतला. ती उघडली म्हणजे ते मरतायत, असं कबूल केल्यासारखं झालं असतं. मी त्यांना काखेत धरून होडीकडे ओढायला लागलो. पाहुणा दोन्ही पंजांनी वाळू उकरत रडत होता.

अण्णांच्या तोंडून आवाज आला, "आधी... होडीत..."

झोपडीतून बाई आली. उंच, काळी, हातात कोयता. म्हाताऱ्याला का ओढतोस म्हणून माझ्यावर खेकसली, "काहे घसीटत हउवा बुढ़ऊ के?" माझ्या उत्तराची वाट न बघता तिनं एक खरबूज फोडलं आणि फोड अण्णांच्या तोंडात कोंबली. "भूखा है. और कुछ नहीं."

अण्णांनी चावलं. गिळलं. दुसरी फोड गेली. मग डोळे उघडले आणि आजूबाजूची वाळू बघून परत मिटले.

मी वाळूतच बसलो. मला हसू येईना आणि रडायला मी तयार नव्हतो. बाईनं साल फेकलं ते पाहुण्याच्या पुढ्यात पडलं. त्यानं हुंगलं, खाल्लं. तिनं दुसरं हातावर धरलं. मी म्हटलं, "सँभाल के, काटता है."

"काटेगा तो हम भी काटेंगे," ती म्हणाली.

पाहुणा मान लांब करून, पाय मागेच ठेवून, तिच्या हातातून साल घेऊन गेला. अण्णा एक डोळा उघडून बघत होते.

त्या दिवशी परत आलो. अण्णांचा क्षेत्रसंन्यास मोडला होता. गुरुजी म्हणाले, "प्रायश्चित्त घ्या, परत संकल्प सोडा, मी करून देतो." अण्णा म्हणाले, "परत सोडला तर परत मोडेन. पाहुण्याकडे जायचं असतं." आणि जायचे. उन्हाळ्यात खरबुजं लागली की मला घेऊन जायचे. भीती गेली असं कोणी समजू नये. धारेपर्यंत डोळे उघडे, पुढे मिटलेले, आणि माझ्या दंडावर नखं. पाहुणा वेलांमध्ये पालथा पडलेला असायचा, चांगला जाड झालेला. शेपटी हलवायचा, अण्णांची टाच चाटायचा, आणि कोल्ह्याचा वास आला की अण्णांना तिथेच टाकून पळायचा. जवळच धोब्यांची गाढवं चरायची. अण्णा खरबुजाची सालं गोळा करून त्यांच्यापुढे टाकून यायचे. तेव्हा मी लांब थांबायचो.

पुढे दोन-तीन उन्हाळ्यांनी अण्णांनी अंथरूण धरलं. भिंतीजवळ खाट लावली, दगडाला हात लागेल अशी. बोलणं गेलं, पण मी आत आलो की ओठ हलवायचे. मला कळायचं काय ते: पाहुणा प्याला का. शेवटच्या सकाळी घरघर लागली. गुरुजी उशाशी बसून रामनाम म्हणत होते. काशीत मरताना महादेव उजव्या कानात येऊन मंत्र सांगतो, तेव्हा तो कान मोकळा ठेवायचा असतो. मी पहाटेच मल्लाहाला पलीकडे धाडलं होतं, पाहुण्याला घेऊन ये म्हणून. शेजारणी झेंडूचे हार घेऊन आल्या होत्या, पुढच्या तयारीला. मी ते दारातच अडवले आणि बाहेर ओट्यावर ठेवायला लावले. म्हणाल्या, "हा कसला हट्ट?" मी म्हटलं, "पाहुणा यायचाय."

खरबुजांची बाई एकटीच आली. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं.

"नाहीं आया," ती म्हणाली. "बहुत खींचा. झोपड़ी के दुआरे बैठ गया, दाँत दिखाया. बोला, हम अपना घर छोड़ के कहीं नहीं जाएँगे." कुत्रा बोलला, असंच सांगत होती ती.

मी विचारलं, "पानी?"

"सबेरे गंगाजी में मुँह डाल के पिया. हमरे सामने."

मी खाटेशी गेलो, उजव्या बाजूला. गुरुजी म्हणाले, "तो कान सोड." मी सोडला नाही. वाकलो आणि म्हणालो, "प्याला, अण्णा. जागा सोडत नाही म्हणतो. घर झालं त्याचं."

भिंतीवरची बोटं एकदा हलली, एवढं मी बघितलं. गुरुजींनी नाडी बघितली आणि मान हलवली.

मग मी बाहेर जाऊन ओट्यावरचे हार आत आणले.